नाव इतिहासाचे, कारण कथेचे : अरबी लोकमहाकाव्यांचा एक आढावा

समवअल अल-मग्रिबी हा बाराव्या शतकातला नामांकित गणिती आणि वैद्य. बगदादच्या ज्यू घराण्यात तो वाढला, पुढे त्याने इस्लाम स्वीकारला आणि या धर्मांतराची हकिकत लिहिताना आपल्या वाचनाचाही हिशेब दिला. लहानपणी त्याला अंतर, झात अल-हिम्मा, अल-बत्ताल, सिकंदर यांच्या लांबलचक कहाण्यांचे वेड होते. वाचता वाचता त्याच्या ध्यानात आले, की या कहाण्यांतला बराच ऐवज इतिहासकारांच्या ग्रंथांतून उचललेला आहे. मग खरे काय घडले ते कळावे म्हणून तो थेट इतिहासग्रंथांकडेच वळला.

ही छोटी नोंद फार मोलाची आहे. या कहाण्या तेव्हाच लिखित रूपात लोकांच्या हाती होत्या, हे तिच्यावरून कळते. त्यांत इतिहासाची आणि कल्पिताची सरमिसळ आहे, हे एका चौकस मुलालाही जाणवत होते, हेही कळते. तेव्हापासून आजपर्यंत एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी विचारला गेला : या महाकाव्यांत इतिहास किती आणि थापा किती? एका तटाने सगळेच थोतांड म्हणून झटकून टाकले. दुसऱ्या तटाने ‘काहीतरी खरे असल्याशिवाय लोक गातील कशाला’ म्हणून प्रत्येक प्रसंगाखाली घटना शोधली. प्रमाण मोजण्याच्या या खटाटोपापेक्षा वाटणी कशी झाली आहे ते पाहणे अधिक फायद्याचे, असे मला वाटते. ही महाकाव्ये नावे, गावे, टोळ्या आणि शत्रू इतिहासाकडून घेतात. ते सारे कशामुळे घडले, याचे कारण मात्र इतिहासाकडून घेत नाहीत. ते स्वतः रचतात. मूळ कारण टाकून त्या जागी काय बसवले, हे तपासले की ऐकणाऱ्यांच्या मनात काय खदखदत होते ते कळते.

सीरा आणि तिचे सांगणारे

या वाङ्मयप्रकाराला अरबीत ‘सीरा’ म्हणतात. प्रमुख सीरा अशा : इस्लामपूर्व कवी-योद्धा अंतरची, बैझंटाइन सरहद्दीवरच्या वीरांगनेची ‘झात अल-हिम्मा’, मामलूक सुलतान बैबर्सची, येमेनचा राजा सैफ इब्न झी यझनची, सुडाने पेटलेल्या झीर सालिमची, पैगंबरांचे काका हमझा यांच्या नावाने चालणारी, आणि बनी हिलाल टोळीच्या स्थलांतराची. बहुतेकींचा घाट यमकयुक्त गद्याचा, मधूनमधून पद्य पेरलेला. अंतरची छापील आवृत्ती पाच हजार पानांच्या पुढे जाते. हिलाली सीरा मात्र इजिप्तमध्ये आजही प्रामुख्याने पद्यात गायली जाते.

एडवर्ड लेन या इंग्रज अभ्यासकाचे इजिप्तच्या चालीरीतींवरचे पुस्तक 1836 मध्ये निघाले. त्यात कैरोच्या कथेकऱ्यांची शिरगणतीच आहे. अबू झैदची, म्हणजे हिलाल्यांची, कथा सांगणारे ‘शाइर’ पन्नासच्या आसपास. बैबर्स सांगणारे ‘मुहद्दिस’ तीसेक. आणि अंतर वाचणारे ‘अनातिरा’ सहापेक्षा जास्त नाहीत. शाइर तोंडपाठ गात आणि रबाबाची साथ घेत. मुहद्दिस तोंडपाठ सांगत, पण वाद्याविना. अनातिरा मात्र पोथी उघडून वाचत. कथेकरी कॉफीखान्याबाहेरच्या कट्ट्यावर बसे, गिऱ्हाइके भोवती बसत आणि त्याला बिदागी कॉफीखान्याचा मालक देई, कारण कथेमुळे गर्दी होई. दमास्कसला अशा सांगणाऱ्याला ‘हकवाती’ म्हणत. उमय्या मशिदीजवळचा नौफरा कॉफीखाना त्यासाठी प्रसिद्ध आहे.

ही व्यवस्था ध्यानात ठेवायला हवी. दरबारी इतिहासकाराला पोसणारा एक असतो, कॉफीखान्यातल्या कथेकऱ्याला शेकडो. कारणे कोणाच्या पसंतीची निवडली जाणार, हे इथेच ठरते.

हिलाली : वजीर गेला, दुष्काळ आला

सर्वांत बोलके उदाहरण बनी हिलालचे. इतिहास सांगतो तो असा. ही मूळची नज्दची अरब टोळी. दहाव्या शतकाच्या अखेरीस फातिमी खलिफांनी तिला वरच्या इजिप्तमध्ये आणून ठेवले. पश्चिमेला इफ्रिकियात, म्हणजे आजच्या ट्यूनिशियाच्या परिसरात, झिरी घराण्याचे बर्बर राजे फातिमींच्या नावाने राज्य करत. त्यांच्यापैकी अल-मुइझ्झ इब्न बादीस याने 1040 च्या दशकात फातिमींचे वर्चस्व झुगारले आणि बगदादच्या अब्बासी खलिफाचे नाव घेतले. त्याला अद्दल घडवण्यासाठी अल-याझूरी या फातिमी वजिराने हिलाल्यांना पश्चिमेकडे सोडले, असे इतिवृत्ते सांगतात. 1052 मध्ये हैदरानच्या लढाईत मुइझ्झचा पराभव झाला. 1057 मध्ये तो कैरवान सोडून समुद्रकाठच्या महदियाला गेला आणि राजधानी लुटली गेली. पुढे 1153 मध्ये सेतीफजवळ अल्मोहादांनी या टोळ्यांना जबर तडाखा दिला.

आता सीरा पाहा. तिच्यात फातिमी नाहीत, वजीर नाही, खलिफांमधले वैर नाही. नज्दमध्ये सात वर्षे दुष्काळ पडतो. अबू झैद आपल्या तीन भाच्यांना घेऊन हिरव्या कुरणाच्या शोधात ट्यूनिसपर्यंत टेहळणीला जातो. भाचे कैदेत सापडतात. त्यांपैकी मरईवर ट्यूनिसचा धनी झनाती खलीफा याची मुलगी सादा भाळते. भाच्यांना सोडवण्यासाठी आणि कुरणासाठी अख्खी टोळी निघते. लढाईत झनाती कोणाला आवरत नाही. त्याचा मृत्यू दियाब इब्न गानिमच्या हातून, हे विधिलिखित असते आणि शेवटी दियाबचा भाला त्याच्या डोळ्यात घुसतो. विजयानंतर मात्र वाटणीवरून भाऊबंदकी माजते. दियाबच्याच हातून अबू झैद मारला जातो आणि पोरकी झालेली पुढची पिढी सूड उगवते.

शत्रूचे नाव ध्यानात घ्या. मुइझ्झ हा सन्हाजा या बर्बर गटाचा. झनाता हे त्या गटाचे जुने वैरी. म्हणजे सीरेने खऱ्या राजाला पुसून त्याच्या वैऱ्याच्या गटाला गादीवर बसवले. हे नाव हवेतून आले नसावे. हिलाल्यांशी लढताना पडलेल्या अबू सुअदा खलीफा या झनाती सेनानायकाची नोंद इब्न खल्दून देतो. दुसरी गंमत शहराची. अकराव्या शतकात राजधानी होती कैरवान. ट्यूनिसला ते महत्त्व आले अल्मोहादांच्या आणि त्यांच्यामागून आलेल्या हफ्सींच्या काळात, म्हणजे बाराव्या-तेराव्या शतकात. सीरेतले ‘ट्यूनिस’ हे कथा कधी घडली याचे नव्हे, कधी घोटली गेली याचे चिन्ह आहे.

कारण का बदलले, हेही अवघड नाही. ‘एका वजिराने आम्हाला कुत्र्यासारखे दुसऱ्याच्या अंगावर सोडले’ हे कोणती टोळी आपल्या नातवंडांना सांगेल? दुष्काळ, भाच्यांची सुटका आणि भावाभावांतले वैर ही टोळीच्या अनुभवातली कारणे आहेत. त्यांत टोळी स्वतः निर्णय घेते आणि स्वतःच्याच दोषाने बुडते. दरबाराचे प्यादे असण्यापेक्षा स्वतःच्या चुकीने संपणे त्यांना अधिक मानाचे वाटले असावे.

बैबर्स : खुनी सुलतानाचा गरिबांचा कैवारी होतो

बैबर्सच्या बाबतीत दोन्ही बाजूंचे कागद हाताशी असल्यामुळे तुलना अधिक नेमकी करता येते. हा किपचाक तुर्क गुलाम. 1250 मध्ये अय्युबी सुलतान तूरानशाहच्या खुनात त्याचा हात होता. 1260 मध्ये ऐन जालूतला मंगोलांचा पराभव झाला आणि त्यानंतर काही आठवड्यांतच सुलतान कुतूझचा खून करून तो गादीवर बसला. 1268 मध्ये त्याने क्रुसेडरांकडून अँटिओक घेतले, 1271 मध्ये क्राक दे शव्हालिए हा किल्ला घेतला आणि सीरियाच्या डोंगरातले इस्माइली पंथाचे किल्ले एकेक करून ताब्यात आणले. 1277 मध्ये तो दमास्कसला वारला. त्याची कबर तिथल्या झाहिरिया वास्तूत आहे.

सीरेतला बैबर्स हा गुलाम म्हणून विकला गेलेला, पण मुळात ख्वारझमच्या राजघराण्यातला महमूद. सुलतान सालिह अय्यूब इथे अंतर्ज्ञानी संत आहे आणि या पोराचे भवितव्य त्याला आधीच दिसते. उस्मान हा कैरोतला मवाली घोडेवाला बैबर्सचा सोबती होतो आणि बोलण्यात भल्याभल्यांची भंबेरी उडवतो. ज्या इस्माइलींचे किल्ले खऱ्या बैबर्सने घेतले, तेच इथे त्याचे जिवाभावाचे साथीदार. त्यांचा म्होरक्या, वेषांतरात पटाईत असलेला शीहा, ‘किल्ल्यांचा सुलतान’ म्हणवतो. मुख्य खलनायक जुवान हा ख्रिस्ती पाद्री, जो कैरोत काझी बनून न्यायासनावर बसलेला असतो. राजहत्येचे डाग सीरेने धुऊन काढले आहेत; गादी बैबर्सकडे नशिबाने आणि ईश्वरी इच्छेने चालत येते.

सीरा खोटी, दरबारी चरित्र खरे, असा निकाल इथे लगेच देऊ नये. इब्न अब्द अल-झाहिर हा बैबर्सचा चिटणीस. त्याने धन्याच्या हयातीत त्याचे चरित्र लिहिले. बैबर्सच्या मृत्यूनंतर या चिटणिसाचाच भाचा शाफी इब्न अली याने ते पुन्हा लिहिले आणि मामाने सुलतानाच्या मर्जीसाठी मजकूर कसा घडवला होता हे उघड केले. कुतूझचा खून कटात सामील असलेल्या अनेक अमिरांनी मिळून केल्याचे इतर साधने सांगतात; चिटणिसाच्या लेखणीत तो एकट्या बैबर्सचा पराक्रम झाला होता. म्हणजे त्या खुनाचे काय करायचे, हा पेच दोघांनाही होता. दरबाराने त्याचे शौर्य केले, कॉफीखान्याने त्याला नाहीसे केले.

शहरातल्या श्रोत्याला परकी फौज आणि न्यायासनावरचा लाचखाऊ हे दोन जाच रोजचे होते. सीरेने दोन्हींचा एकच माणूस केला : काझीच्या झग्यातला पाद्री. त्याच्याविरुद्ध उभी राहिली ती एक सुलतान, एक घोडेवाला आणि डोंगरातले बंडखोर यांची युती. इतिहासात अशी युती कधी झाली नाही. पण आपल्याला कोणते राज्य हवे होते, याचे कैरोच्या आणि दमास्कसच्या सामान्य माणसाने काढलेले हे चित्र आहे.

झात अल-हिम्मा : दीडशे वर्षे एका तंबूत

बैझंटाइन सरहद्दीवरची ही सीरा काळाशी कसा व्यवहार करते, ते तिच्या तीन माणसांवरून कळते. 717-718 मध्ये कॉन्स्टँटिनोपलला वेढा घालणारा उमय्या सेनापती मस्लमा खरा. 740 मध्ये अक्रोइनॉनच्या लढाईत पडलेला अल-बत्ताल खरा. 863 मध्ये बैझंटाइनांशी लढताना मारला गेलेला मलात्याचा अमीर उमर खरा. बत्ताल आणि उमर यांच्या मृत्यूंत सव्वाशे वर्षांचे अंतर आहे, पण सीरेत ते सोबती आहेत. सरहद्दीवरच्या माणसाच्या आठवणीत पिढ्यान्‌पिढ्या तेच तह, तेच छापे, तेच घाट राहिले असतील, तर तिथे सनावळी कोण जपणार?

राज्याराज्यांमधले युद्धही सीरेत मुळात राज्याचे राहत नाही. खरी चुरस किलाब आणि सुलैम या दोन अरब टोळ्यांत आहे. उक्बा हा काझी वरकरणी मुसलमान, आतून ख्रिस्ती आणि बैझंटाइनांचा हेर. बैबर्सच्या सीरेतला जुवान आणि हा उक्बा एकाच साच्यातले आहेत. दोन वेगळ्या काळांच्या कथांत तोच खलनायक सापडतो, तेव्हा तो कोणत्याही एका काळातला माणूस नसतो. न्यायासनाविषयी लोकांच्या मनात साठलेला संशय असतो.

याच सीरेत नायिका फातिमा, म्हणजेच झात अल-हिम्मा, घोडदळ चालवते, किल्ले घेते आणि पुरुषांना पाणी पाजते. रेम्के क्रुक या डच विदुषीने अशा वीरांगनांवर 2014 मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहिला. या स्त्रियांच्या मागे इतिहास शोधू गेले तर फारसे हाती लागत नाही. त्या कथेच्या गरजेतून आल्या, पण त्यांना श्रोत्यांनी आनंदाने जागा दिली, ही गोष्ट खरी आहे.

काळ्या वर्णाचे तीन नायक

अंतरा इब्न शद्दाद, म्हणजे सीरेतला अंतर, खरा होऊन गेला. सहाव्या शतकातला अब्स टोळीचा कवी. बाप अरब, आई झबीबा ही हबशी दासी. इस्लामपूर्व अरबी काव्याच्या शिखरावर ज्या ‘मुअल्लका’ आहेत, त्यांतली एक त्याची. दासीचा मुलगा दासच, या रिवाजामुळे बापाने त्याला आधी पदरात घेतले नव्हते. टोळीवर हल्ला झाला तेव्हा बापाने ‘चाल कर’ म्हटले. दूध काढणे हे गुलामाचे काम, चाल करणे नव्हे, असे त्याने सुनावले आणि मग बापाने त्याला मुक्त केले. ही आख्यायिका दहाव्या शतकातल्या ‘किताब अल-अगानी’ने जपून ठेवली आहे.

एवढ्या बीजातून सीरेने वटवृक्ष केला. अबला या चुलतबहिणीशी लग्न व्हावे म्हणून अंतर इराणच्या दरबारापासून बैझंटियमपर्यंत आणि आफ्रिकेपर्यंत पराक्रम गाजवतो. सहाव्या शतकातल्या या माणसाला फ्रँक राजकन्येपासून मुलगेही होतात. त्यांतल्या जुफ्रानच्या नावात पहिल्या क्रुसेडचा पुढारी गॉडफ्रे दडल्याचे अभ्यासकांनी ताडले आहे. म्हणजे 1099 मध्ये जेरुसलेम घेणाऱ्याला कथेकऱ्यांनी अंतरच्या पोटी जन्माला घातले आणि शत्रूचे शौर्य आपल्याच रक्ताचे ठरवले. सूड घेण्याची यापेक्षा बिनखर्चाची रीत सापडणार नाही.

कथेकऱ्यांनाही आपल्यावर विश्वास बसायला हवा होता. म्हणून अंतरच्या सीरेचा निवेदक म्हणून त्यांनी अल-अस्मई याला उभे केले. हा बसराचा खराखुरा भाषापंडित नवव्या शतकात वारला; जुन्या काव्याचा जाणकार म्हणून त्याचा शब्द प्रमाण. अडचण एवढीच, की सहाव्या शतकातले प्रसंग त्याने डोळ्यांनी पाहायला हवेत. सीरेने त्याला कित्येक शतकांचे आयुष्य बहाल केले आणि प्रश्न मिटवला. साक्षीदाराचे नाव खरे, साक्ष बनावट.

आता तीन सीरा शेजारी ठेवा. अंतर काळा. झात अल-हिम्माचा मुलगा अब्द अल-वह्हाब काळा जन्मतो आणि बाप त्याला नाकारतो. या नावाचा योद्धा इतिहासातही बत्तालच्या बरोबर लढून पडला. अबू झैदही काळा. त्याची आई खद्रा एका काळ्या पक्ष्याला इतर पक्ष्यांना हुसकावताना पाहते आणि असाच मुलगा दे म्हणून मागणे मागते. मुलगा तसाच होतो, पण बाप रिझ्क तिच्यावर संशय घेऊन तिला घालवून देतो. इतिहासात यांपैकी एकाचेच, अंतरचे, काळेपण ठामपणे दाखवता येते. उरलेल्या दोघांना ते कथेने दिले. कुळाचा एवढा अभिमान मिरवणाऱ्या वाङ्मयात सर्वांत शूर माणूस पुन्हा पुन्हा कुळाने नाकारलेला निघतो, हे आपोआप घडलेले नाही. वंशावळीच्या जोरावर कोणाचे चालते आणि कोणाचे नाही, हे सांगणाऱ्यांना आणि ऐकणाऱ्यांना चांगले माहीत होते. इजिप्तमध्ये हिलाली सीरा गाणाऱ्यांतली कित्येक घराणी स्वतः अरब टोळ्यांबाहेरची, हलकी मानली गेलेली आहेत. दुसऱ्यांच्या कुळाची कीर्ती गाऊन त्यांनी आपले पोट भरले.

सैफ, झीर आणि हमझा

बाकीच्यांचा उल्लेख थोडक्यात. येमेनच्या सैफ इब्न झी यझनने सहाव्या शतकात इराणच्या खुस्रोच्या मदतीने हबशींची सत्ता उलथली. सीरेत तो इस्लामपूर्व काळात राहूनही इस्लामसाठी लढतो, जादूच्या वस्तू मिळवतो आणि नाईल नदी इजिप्तमध्ये आणतो. त्याच्या शत्रूचे नाव सैफ अरअद. याच नावाचा इथिओपियाचा सम्राट 1344 ते 1372 या काळात राज्य करत होता. एवढ्या एका नावावरून सीरेची घडण मामलूक इजिप्तमध्ये, त्यानंतर झाली असावी, असा अंदाज बांधता येतो. नाईलच्या उगमावर हबशी राजांचा हात आहे ही इजिप्तची जुनी धास्ती होती आणि सीरेने ती कायमची मिटवून टाकली.

झीर सालिम म्हणजे इस्लामपूर्व बसूस युद्धाचा नायक मुहलहिल. एका उंटिणीवरून पेटलेले हे वैर चाळीस वर्षे चालल्याची परंपरा आहे. हमझा हे नाव पैगंबरांच्या काकांचे. ते 625 मध्ये उहुदच्या लढाईत पडले, पण कथेत त्यांनी अर्धे जग पालथे घातले. याच कथेची फारसी शाखा भारतात आली आणि अकबराच्या चित्रशाळेत तिच्यावर सुमारे चौदाशे चित्रे तयार झाली.

पंडितांचा राग आणि इब्न खल्दूनचा अपवाद

मध्ययुगीन विद्वानांना या कहाण्यांचे वावडे होते. चौदाव्या शतकातल्या इब्न कसीरने आपल्या जगाच्या इतिहासात खऱ्या बत्तालची माहिती दिली आणि लोक सांगतात ती झात अल-हिम्माची आणि काझी उक्बाची कथा निव्वळ बनावट असून अडाण्यांनाच ती पटते, असे फटकारले. अंतरची सीराही त्याने त्याच माळेत ओवली. त्याच शतकातल्या अस-सुब्कीने नकलनविसांना असली पुस्तके उतरवू नका म्हणून बजावले. हा राग अनाठायी नव्हता. ज्यांचा सारा धर्मव्यवहार ‘कोणी, कोणाकडून ऐकले’ या साक्षीच्या साखळीवर उभा, त्यांना खोट्या साक्षीदारांचे हे पीक धोक्याचे वाटणारच.

इब्न खल्दून (1332–1406) वेगळा निघाला. तो उत्तर आफ्रिकेत हिलाल्यांच्या वंशजांमध्ये वावरला. मक्केच्या शरीफाशी लग्न झालेली जाझिया नवऱ्याला सोडून टोळीबरोबर निघते, ही कथा त्याने त्यांच्याकडून ऐकली आणि टिपून ठेवली. या पद्यांत अस्सल किती, मागाहून घुसडलेले किती, याचा त्याने विचार केला. पण या हकिकतीवर शंका घेणारा त्या लोकांना वेडा वाटेल, इतकी ती त्यांच्यात घट्ट रुजली आहे, हेही त्याने नोंदवले. ‘मुकद्दिमा’च्या अखेरीस त्याने बोलीतल्या हिलाली पद्यांचे नमुने दिले आणि व्याकरण बिघडले म्हणून त्यांना काव्य न मानणाऱ्या पंडितांची कानउघाडणी केली. गंमत अशी, की हिलाल्यांना टोळधाडीची उपमा देऊन त्यांच्या विध्वंसाचे चित्र रंगवणाराही तोच.

त्याच चित्राचे पुढे काय झाले, ते कमी लोकांना ठाऊक असते. ई. एफ. गोतिए यांच्यासारख्या फ्रेंच वसाहतकाळातल्या इतिहासकारांनी त्यावर ‘हिलाली आपत्ती’ची उपपत्ती उभारली : सुपीक रोमन आफ्रिका अरब भटक्यांनी उजाड केली. त्यातून निघणारा सोयीचा अर्थ असा, की फ्रान्स ती पुन्हा हिरवी करायला आला. 1967 मध्ये झाँ पाँसे यांनी ‘आनाल’ या फ्रेंच नियतकालिकात या आपत्तीला सरळ मिथक म्हटले : झिरी राज्य आधीच आतून पोखरले होते. पुढे मायकेल ब्रेट यांनी वजिराने टोळ्या सोडल्याच्या ठरलेल्या हकिकतीकडेही संशयाने पाहिले. सीरेने फातिमींना वगळून दुष्काळ आणला. इतिहासकारांनी सगळे पाप एका टोळीच्या माथी मारले. रचलेले कारण ही लोककथेचीच मक्तेदारी नाही, एवढा धडा यातून घ्यावा.

मराठी वाचकाला ही झटापट ओळखीची वाटेल. राजवाड्यांनी बखरींच्या विश्वसनीयतेवर प्रहार केला, तरी पानिपतच्या बखरी वाचायच्या राहिल्या नाहीत. त्या कशासाठी वाचायच्या, हे फक्त बदलले.

आधुनिक वाटचाल

युरोपला अंतर सापडला तो एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी. टेरिक हॅमिल्टनचे इंग्रजी भाषांतर 1819-20 मध्ये निघाले. अरबांना महाकाव्य नाही, या समजुतीला त्यामुळे धक्का बसला, पण ‘अरबांचे इलियड’ शोधण्याच्या नादात वाचक त्याचा कॉफीखाना विसरून गेले. अरब जगातल्या नव्या शिक्षितांना हे वाङ्मय बराच काळ कमीपणाचे वाटे. तरी ताहा हुसेन यांच्या ‘अल-अय्याम’ या आत्मकथेच्या सुरुवातीलाच कुंपणापाशी उभे राहून अबू झैदची कथा ऐकणारा अंध मुलगा भेटतो. पुढे अब्द अल-हमीद यूनुस यांनी हिलाली सीरेचा इतिहास आणि लोकवाङ्मय अशा दोन्ही अंगांनी अभ्यास करून या विषयाला विद्यापीठात प्रतिष्ठा मिळवून दिली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काम प्रत्यक्ष गाणाऱ्यांपर्यंत पोहोचले. कवी अब्द अर-रहमान अल-अब्नूदी (1938–2015) यांनी जाबिर अबू हुसैन आणि सय्यद अद-दव्वी या वरच्या इजिप्तमधल्या गायकांकडून हिलाली सीरा ध्वनिमुद्रित केली आणि रेडिओवरून ती घरोघर गेली. ड्वाइट रेनल्ड्स यांनी नाईलच्या त्रिभुज प्रदेशातल्या अल-बकातूश या ‘कवींच्या गावा’त राहून 1995 मध्ये पुस्तक लिहिले. श्रोते या सीरेला इतिहास मानतात, पण गायकाच्या मधल्या सूचक शेऱ्यांतून चालू गावगाड्यावरचे टोमणेही बरोबर ओळखतात, हे या कामातून पुढे आले. युनेस्कोने 2003 मध्ये हिलाली सीरेला मौखिक वारशाची श्रेष्ठ कृती घोषित केले आणि 2008 मध्ये तिचा प्रातिनिधिक यादीत समावेश झाला.

कारणे बदलण्याचा उद्योग आजही थांबलेला नाही. झीर सालिमच्या कथेत मरणारा कुलैब आपला भाऊ झीर याला समेट करू नकोस म्हणून सांगून जातो. इजिप्शियन कवी अमल दुन्कुलने 1976 मध्ये तोच धागा घेऊन ‘ला तुसालिह’ ही कविता लिहिली आणि ती इस्राएलशी होऊ घातलेल्या तडजोडीविरुद्धची घोषणा ठरली. 2000 मध्ये मम्दूह अदवान यांच्या लेखणीतून आणि हातिम अली यांच्या दिग्दर्शनातून उतरलेल्या सिरियन मालिकेने तीच कथा अरबी घराघरांत नेली. उंटिणीवरून पेटलेले वैर प्रत्येक पिढीने आपल्या वैराच्या मापाने शिवून घेतले.

मग सीरा वाचावी कशी?

तीन गोष्टी पक्क्या धराव्यात. सहाव्या किंवा अकराव्या शतकात काय घडले, याचा पुरावा म्हणून सीरा वापरू नये. तिच्यातली नावे खरी असल्याने ती मोठी फसवी आहे. दुसरे, सीरेतल्या कालविपर्यासांना चुका समजून हसू नये. ट्यूनिस, जुफ्रान, सैफ अरअद यांच्यासारख्या ‘चुकां’मुळेच ती कधी आणि कुठे घडली, हे ठरवता येते. तिसरे, ज्या कारणांनी सीरा घटना समजावते त्यांची जुळणी त्याच काळच्या इतिवृत्तातल्या कारणांशी करावी आणि दोन्हीकडे सारखाच संशय ठेवावा. दरबाराच्या पगारावरचा चिटणीस आणि कॉफीखान्याच्या बिदागीवरचा शाइर, दोघेही आपापल्या पोशिंद्याला पटेल तेच सांगत होते. इब्न खल्दूनने सहाशे वर्षांपूर्वी हिलाल्यांच्या तंबूत बसून दोन्ही ऐकले आणि दोन्ही टिपले. त्यानंतरच्या अभ्यासकांपैकी ज्यांनी एकच ऐकले, त्यांची पुस्तके आज पुन्हा लिहावी लागत आहेत.